बिनपायांची अळी

सान लोरेन्सो
१४ जून १९९७

प्रिय एर्मिनिया,

तुझं खोकं मार्चच्या आठ तारखेला मिळालं. हे पत्र मी सहा वेळा सुरू केलं आणि सहाही वेळा पहिल्याच ओळीत अडकले, कारण 'कशी आहेस' असं विचारायचा हक्क सात वर्षांनंतर माझ्याकडे उरलाय का, हे मला ठरवता येईना. म्हणून विचारत नाही. रोप मिळालं, एवढं सांगते.

खोक्यात चिठ्ठी नव्हती. मी गवत तीनदा उपसून पाहिलं. वर फक्त माझं नाव होतं, तुझ्या अक्षरात. आत तुमच्याकडच्या निळ्या घायपाताचं पिल्लू, पण पानांना पिवळे काठ. असं हजारात एखादं निघतं. तुझ्या नवऱ्याच्या शेतात ते निघालं आणि तुला माझी आठवण झाली, हे मी वहीत लिहिलं आणि मग खोडलं. तुला काय झालं हे मला काय ठाऊक?

तुला माझ्या रोपवाटिकेचा नियम माहीत आहे. त्याच नियमावरून तू मला 'जकात नाक्यावरची बाई' म्हणायचीस. बाहेरून आलेलं रोप चाळीस दिवस घरामागच्या फळीवर, बाकीच्यांपासून लांब. रोज बुंधा हलवून पाहायचा, वास घ्यायचा, मगच आत घ्यायचं. वीस वर्षांत मी हा नियम मोडला नव्हता. आई मात्र भेटीचं रोप सूर्य मावळायच्या आत मातीत लावायची, देणाऱ्याचं नाव मोठ्यानं घेऊन. तुझं रोप मी तसंच लावलं. तू दिलेल्याला चाळीस दिवस दाराबाहेर ठेवणं मला जमलं नाही. आईच्या रांगेत, पांढऱ्या रेघांच्या बुटक्या घायपातांशेजारी, लाल खड्यांची ओंजळ घालून. तुझं नाव घेतलं तेव्हा आवाज जरा जास्तच मोठा लागला असावा. शेजारची दोन्या कुका भिंतीवरून डोकावली.

"काय गं पोरी, बहीण आली की काय?"

"तिचं रोप आलंय."

"मग आत घे, जेवायला वाढ! बाहेर काय मातीत बसवतेस?"

जेवण त्या रोपानंच वाढलं, ते सांगते. मेच्या अखेरीस त्याच्या बुडाशी चार पांढऱ्या अळ्या सापडल्या, करंगळीएवढ्या. वर्षातल्या पहिल्या. कुकानं त्या माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतल्या आणि तव्यावर टाकल्या. मीठ, लिंबू, हिरवी मिरची, गरम मक्याची भाकरी. दोन तिनं खाल्ल्या, दोन मी. "तुझी बहीण चिडकी असेल," ती म्हणाली, "पण हात सढळ आहे."

रोप बुंध्याशी थोडं सैल वाटतं. मुळं धरायला वेळ लागत असेल.

सात वर्षांपूर्वी, आईच्या मातीनंतरच्या त्या दुपारी, तू तिच्या रोपाचं एक पिल्लू मागितलंस आणि मी विचारलं की माती कुठली घालशील, ऊन किती मिळेल, पाणी कोण देईल. तू पिल्लू टेबलावर परत ठेवलंस आणि म्हणालीस, "तुला झाडं माणसं वाटतात आणि माणसं झाडं." तू निघून गेलीस. मला वाटलं होतं, तू बसपर्यंत जाऊन परत येशील.

ओतिलिया


३ ऑगस्ट

एर्मिनिया,

तुझं उत्तर आलेलं नाही. टपाल उशिरा येतं, मला माहीत आहे.

तुझं रोप बरं आहे.

पाऊस फार आहे यंदा. आईच्या रांगेतली अकरा रोपं मला काढावी लागली. पानं वरून चांगली हिरवी, पण हात लावला की सबंध झाड बुंध्यातून कलंडतं आणि आतून आंबलेला वास येतो. वर्षानुवर्षं पाण्याच्या बाबतीत इतकी कंजूष असलेली मी, आणि माझीच झाडं कुजतात.

परवा डॉन सेवेरोंनी बोलावलं. आता गावच्या जमिनीच्या समितीचे तेच प्रमुख आहेत. त्यांचं शेत माझ्या मागच्या भिंतीला लागून सुरू होतं, तू विसरली नसशील. बांधावरचे मगेय, ते रसाचे थोरले घायपात, तू लहानपणी एकेकावर टोपी फेकून मोजायचीस. त्यांतला पहिला, नऊ वर्षांचा, पुरुषभर उंच, पुढच्या वर्षी ज्याचा रस काढायला सुरुवात करणार होते, तो एका अंगाला झुकला आहे.

"इंजिनिअरबाई, तुम्ही शिकलेल्या. हे काय म्हणायचं?"

मी गाभ्यापर्यंत हात घातला. मग म्हणाले, "पाणी साचलंय."

"उतारावर?"

"उतारावरही साचतं, डॉन सेवेरो. आत खडक असला की."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "मग असंच असेल," म्हणाले. शेतकी कॉलेजात जाऊन 'इंजिनिअर' झालेलं माणूस गावात एकच आहे, ते दुसऱ्या कोणाला विचारणार?

एक सहज विचारते. तुमच्याकडे यंदा झाडं पडतात का?

गावातला एकमेव फोन वाण्याच्या दुकानात, आणि तिथे अख्खं गाव कान लावून असतं. म्हणून फोन करू नकोस. पत्रच लिही. हे पत्र मात्र वाचून झालं की ठेवू नकोस.

ओतिलिया


२१ ऑगस्ट

एर्मिनिया,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझं रोप बरं नव्हतं. ते तेरा जुलैलाच मेलं होतं.

त्या दिवशी मी ते उचललं तर पानांचा झुबका माझ्या हातात आला आणि बुंधा मातीतच राहिला. बुंध्यात बोगदे होते. एका बोगद्यात अळी होती, पांढरी, जाड, तपकिरी डोक्याची, वाकडी होऊन पडलेली. मी ती तळहातावर घेतली आणि उलटी केली. तिला पाय नव्हते.

आपली खायची अळी पानाला पायांनी धरून बसते. लहानपणी आपण तिचे पाय मोजायचो. गाभा पोखरणारी अळी बिनपायांची असते आणि तिचा पुढे काळा सोंड्या भुंगा होतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी तो टाचणीला लावला होता, परीक्षेत त्याची आकृती काढली होती. आणि मेमध्ये चार अळ्या हातात असताना मी एकही उलटी करून पाहिली नाही. पहिल्या अळ्या म्हटल्यावर इथे कोणी उलटसुलट करत नाही, तवा तापवतात. मीही तेच केलं. त्या चार आम्ही खाल्ल्या. न सापडलेल्या किती होत्या, त्याचा हिशेब आता डॉन सेवेरोंच्या बांधावर लागतो आहे. तिथले सहा झुकलेत.

तुझं रोप मी जाळलं. रोज पहाटे रांगांमधून फिरून भुंगे वेचते आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकते. काल नऊ मिळाले. धरला की भुंगा मेल्याचं सोंग घेतो, पाय आखडून पडून राहतो. मी तळहातावर घेऊन वाट पाहते. कधी कधी बराच वेळ. मग एक पाय हलतो.

कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं तेरा जुलैलाच. तेव्हा डॉन सेवेरोंना कळलं असतं, तर पहिलं झाड काढून जाळता आलं असतं आणि कदाचित एवढ्यावर थांबलं असतं. मी सांगितलं नाही, कारण पहिला प्रश्न आला असता, 'रोप कुठून आलं?' मी तुला वाचवत होते असं लिहिणार होते. वहीत तसंच लिहिलंय. पण खरं विचारशील तर, ज्या बाईकडे शहरातली हॉटेलं आणि लांबचे शौकीन रोपं घ्यायला येतात ती 'इंजिनिअरबाई' मला वाचवायची होती.

आणखी एक आहे. तू त्या मुलखात वीस वर्षं आहेस. तुझा नवरा शेतातला प्रत्येक बुंधा ठोकून पाहणारा. तुला हा भुंगा माहीत नसेल, असं कसं होईल? मग खोक्यात चिठ्ठी का नव्हती?

मी आरोप करत नाही. मला भीती वाटते, एवढंच सांगते.

ओतिलिया


११ सप्टेंबर

एर्मिनिया,

गावातल्या बायकांनी मगेयांच्या काट्यांवर अंड्यांची टरफलं खोचलीत. दृष्ट लागली म्हणतात. सकाळच्या उन्हात सबंध बांध पांढरा दिसतो. दोन्या कुका माझ्याकडे परडीभर टरफलं घेऊन आली.

"तुझ्याही झाडांना लाव. कॉलेजात शिकवत नाहीत, पण लाव."

मी लावली. एकेका काट्यावर, तिच्यासोबत, तासभर. नाही म्हटलं असतं तर ती 'का' विचारेल, ही भीती होती. हे मी केलेल्या गोष्टींमधलं सगळ्यात लहान खोटं, पण झोपताना तेच आठवतं.

पुरुषांचं दृष्टीवर समाधान नाही. त्यांना माणूस हवा आहे. त्यांनी नाव ठरवलंय, त्रांकिलिनो. शेजारच्या गावचा अळ्या काढणारा. हुक लावलेली काठी घेऊन पहाटे लोकांच्या शेतात शिरतो, पानांच्या बुडातून अळ्या ओढतो आणि शहरातल्या खाणावळींना विकतो. चोरी करतो हे खरंच. काल तो माझ्या फाटकाशी आला होता.

"बाई, तुमच्या गावात मला कोणी साधी ओळखसुद्धा देत नाही. काय झालंय?"

"झाडं पडतायत."

"ती मी पाडली?" तो हसला. समोरचे दोन दात नाहीत त्याला. "अहो, झाड मेलं तर मी खाऊ काय? माझ्याइतकी या झाडांची काळजी डॉन सेवेरोलाही नाही."

"थोडे दिवस इकडे येऊ नका."

"का?"

कारण मला माहीत होतं. मी म्हणाले, "पाऊस आहे, घसरायला होतं."

त्यानं काठी खांद्यावर टाकली आणि निघून गेला. तुझं उत्तर अजून नाही.

ओतिलिया


२६ सप्टेंबर

एर्मिनिया,

काल सकाळी दहाला चर्चची घंटा वाजली. मिस्साच्या प्रार्थनेची नव्हे. कोणी गेल्यावर थांबून थांबून वाजते ती नव्हे. एकसारखी. तशी घंटा वाजली की घरोघरचे लोक हातात असेल ते घेऊन चौकात जातात. लहानपणी ती एकदा वाजली होती तेव्हा आईनं आपल्याला पलंगाखाली सारलं होतं. काय झालं होतं ते तिनं कधीच सांगितलं नाही.

मी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. हात धुतले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा स्वतःला म्हणाले की बाटली घ्यायला आलेय. ते खरं नव्हतं, पण समोर बाटली दिसली म्हणून घेतली.

त्यांनी त्रांकिलिनोला चौकातल्या मंडपाच्या खांबाला बांधलं होतं. भुवई फुटली होती. एकजण त्याची काठी डोक्यावर धरून फिरत होता.

"हा बघा हुक! ह्यानंच गाभे फोडले!"

"अळी पानात असते रे बाबांनो," त्रांकिलिनो म्हणत होता, "गाभ्याला मी हात लावत नाही. गाभा फोडला तर पुढच्या वर्षी अळी येईल कुठून? जरा अक्कल वापरा!"

"आम्हाला अक्कल शिकवतोय!" कोणीतरी त्याच्या तोंडावर मारलं. गुराखी असतो ना आपल्याकडचा, मुका, तोसुद्धा हात उगारून उभा होता.

पायरीवर पेट्रोलचा डबा ठेवलेला होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

मी पुढे कशी गेले ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझा आवाज फारच बारीक निघाला आणि मला तीनदा बोलावं लागलं.

"डॉन सेवेरो, त्याला सोडा. हे माझ्या वाडीतून आलंय."

दोन्या कुका जवळच होती. तिनं माझा दंड धरला. "पोरी, तुला ताप आहे. घरी चल."

मी बाटली वर धरली. चारशेच्या वर भुंगे होते, काळी उसळ भरल्यासारखे. मी सांगितलं, हा सोंड्या भुंगा. बुंध्याला भोक पाडून अंडी घालतो. गाभा अळी खाते, माणूस नाही. पडलेला एखादा मगेय उभा चिरा आणि पाहा. दोघं कुऱ्हाडी घेऊन गेले. ते परत आले. त्यांनी कुजका बुंधा माझ्या पायाशी टाकला आणि त्यातून अळ्या फरशीवर पडल्या.

"ऑगस्टमध्ये मी विचारलं," डॉन सेवेरो म्हणाले. "तू म्हणालीस पाणी." सबंध आयुष्यात ते मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

"मी खोटं बोलले."

"या अळ्या म्हणजे," दोन्या कुकानं हळूच विचारलं, "आपण खाल्ल्या त्या?"

"हो."

"बरी लागली होती गं," ती म्हणाली. मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्यानं डबा थोडा लांब गेल्यासारखं मला वाटलं. त्रांकिलिनोचे हात सोडवले गेले. कोणी माफी मागितली नाही. त्यानं काठी मागितली, ती दिली नाही. जाताना माझ्यापाशी थांबून तो म्हणाला, "घसरायला होतं म्हणालात ना, बाई," आणि थुंकला.

मग तो प्रश्न आलाच.

"रोप कुठून आणलंस?"

एर्मिनिया, तुझं नाव माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "वामांतलाच्या शनिवारच्या बाजारातून. एका माणसाकडून."

"कसला माणूस?"

"टोपीवाला."

"टोपी कोणाला नसते?"

मला वाटलं, खुणा दिल्या की विश्वास बसेल. मी म्हणाले, "डाव्या गालावर डाग होता. काळसर."

"अरे, तो कुंडीवाला!" मागून एकजण ओरडला. "भाजलेल्या गालाचा! तेलडब्यात रोपं लावून विकतो तो!"

मी हा माणूस कधी पाहिलेला नाही. मी तो तिथे उभ्या उभ्या बनवला होता.

ओतिलिया


३ ऑक्टोबर, सकाळ

एर्मिनिया,

तुझं पत्र काल संध्याकाळच्या बसनं आलं. ऑगस्टच्या माझ्या दुसऱ्या पत्राचं उत्तर. पाच ओळी. मी त्या इथे उतरवून काढते, म्हणजे मी चुकीचं वाचलेलं नाही याची खात्री होईल.

'बुंध्याला भोक होतं. मला वाटलं आपली अळी आहे. इथे कोणी खात नाही, तुला मिळेल म्हणून त्यातलंच निवडलं. नवऱ्याला न सांगता काढलं, त्याला कळलं तर घरात राहता येणार नाही. गावात माझं नाव घेऊ नकोस.'

मी दारात बसून रडले, कारण दीड महिना तुझ्याबद्दल जे मनात होतं ते किती हिडीस होतं हे कळलं. तू रोप पाठवलंच नव्हतंस. तू अळी पाठवली होतीस. आपण दोघींनी एकच चूक केली, तू तिकडे आणि मी इकडे, आणि मी तर परीक्षा देऊन केली.

सोमवारी माझी सगळी झाडं काढली. एक हजार एकशे चाळीस. निम्म्यांना काहीच झालेलं नव्हतं, पण कोणती निम्मी ते चिरल्याशिवाय कळत नाही, आणि चिरलं की ती उरत नाहीत. मागच्या खड्ड्यात चुना घालून जाळली. आईची रांग मी स्वतः उचलून नेली. हिरव्या पानांचा चीक अंगावर उडून हात कोपरापर्यंत सुजलेत, म्हणून अक्षर असं आहे.

गाव मला त्रास देत नाही. बोलत नाही, इतकंच. पण काल डॉन सेवेरो फाटकाशी आले, आत आले नाहीत.

"उद्या नव्हे, परवा सकाळी सातला ट्रक निघतो वामांतलाला. चौदा जण आहोत. तू पुढे ड्रायव्हरशेजारी बस. माणूस दाखव. बाकी आम्ही बघतो."

"पोलिसांना सांगितलंत?"

"पोलीस काय बघणार?"

तो परवा म्हणजे उद्या. मी रात्रभर उपाय शोधले, आणि प्रामाणिकपणे सांगते, सगळे उपाय मला वाचवणारे होते. आजारी पडावं. बाजारात जाऊन 'हा तो नव्हे' म्हणावं. पण चौदा माणसांना तो आधीच माहीत आहे, मी नाही म्हटलं तर 'घाबरली बिचारी' म्हणतील. तो भाजलेल्या गालाचा माणूस सकाळी डबे मांडून बसेल आणि ट्रकमधून लोक उतरताना पाहून त्याला गिऱ्हाईक आलं असं वाटेल.

तू लिहिलंस, नाव घेऊ नकोस. मी घेणार आहे. तुला न विचारता घेतलं असतं तर ती वेगळी गोष्ट होती. आता तू नको म्हटल्यावर घेतेय, हे मला माहीत आहे, आणि त्याचं तू जे करशील ते करशील. चूक दोघींची होती. तो कुंडीवाला फक्त माझा आहे.

हे पत्र असंच उघडं ठेवून जाते.


त्याच दिवशी, दुपार

सांगितलं. त्यांच्या अंगणात, त्यांची बायको मका सोलत होती तिच्यासमोर. बाजार नाही, माणूस नाही, डाग नाही. माझ्या बहिणीनं पाठवलं, तिला माहीत नव्हतं, मला माहीत असायला हवं होतं.

डॉन सेवेरोंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांच्या हातांकडे बघत होते.

"याच्या आधी दोनदा खोटं बोललीस," ते म्हणाले. "आता हे खरं कशावरून?"

 मी तुझं पत्र पुढे केलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या बायकोनं वाचलं, मोठ्यानं, अडखळत. 'नवऱ्याला न सांगता' इथे ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ मनात वाचून कागद घडी करून परत दिला.

"अक्षर आईच्याच वळणाचं आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "धाकटीचं. खरं आहे."

ते उठून ट्रकवाल्याकडे गेले. परत येऊन म्हणाले, "गाडी जात नाही. तुझ्या बहिणीला कळव, इकडे यायचं नाही. मी काही करणार नाही, पण सगळ्यांच्या हातांची हमी मी देत नाही."

ते कळवतेय. येऊ नकोस. तू नको म्हणत असताना मी तुझं गाव तुझ्यापासून तोडलं, आणि ते मला भरून देता येणार नाही.

तेव्हा मीच येते. मागे पाणी द्यायला माझं कोणी उरलेलं नाही. मंगळवारच्या बसनं निघेन. बूट चुन्याच्या पाण्यात धुऊन, कपडे उकळून, रिकाम्या हातांनी. तुझ्या नवऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही, हे दारातच सांग, म्हणजे माझ्या तोंडून भलतं निघणार नाही. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मला फार भीती वाटतेय, एर्मे. तरी मी बाहेर उभी राहीन, चाळीस दिवस म्हणशील तर चाळीस दिवस.

ओतिलिया